दुग्नाद आणि पालथी होडी

१२ एप्रिल
यंदा दुग्नादला राबायला जायचं नाही. गाव मिळून धक्का झाडतं, कुंपणं रंगवतं. माझ्यावाचून काही अडत नाही. मी ‘दुग्नाद’ या शब्दावरच निबंध लिहून कॉफीच्या वेळी वाचून दाखवेन. तेही कामच. माझा नवरा आस्बियर्न गेल्यापासून त्याची होडी पालथी पडलीय. ती एकटीच सुलटी करणार. या उन्हाळ्यात पाण्यात जायलाच हवी.

१५ एप्रिल
शब्दाचं मूळ सापडलं. जुन्या नॉर्समध्ये अर्थ मदत, आधार. आइसलँडमध्ये आज तोच शब्द म्हणजे मेहनती स्वभाव. स्वीडिशमध्ये त्याचं क्रियापद तेवढं आहे: पुरेसं असणं. डॅनिश माणूस नुसता ‘कामाचा दिवस’ म्हणतो. कोरडी माणसं.
दुपारी होडीखाली गाडीचा जॅक लावला. जॅक चिखलात गेला. दोष जमिनीचा.

१९ एप्रिल
शेजारची तोरुन आली. होडीचं काय करतेस, म्हणाली. मी म्हटलं, सगळं ठरलंय. बरं, म्हणाली आणि गेली. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. गावातल्या ओड्वारनेही, आस्बियर्न गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, एकदाच विचारलं होतं, होडीखाली ठोकळे घालू का म्हणून. नको म्हटलं. आस्बियर्नचं काम ते.

२४ एप्रिल
दोर बांधून गाडीने ओढली. दोर तुटला. जुनाच होता. निबंध मात्र छान चाललाय. ‘आधार’वर एक पान वाढवलं.

२७ एप्रिल
दुग्नादला फक्त वाचायला गेले. तोरुन म्हणाली, अगं वाच की, आधी हा ब्रश धर. अर्धं कुंपण रंगवलं. वाफल आणि कॉफी आली तेव्हा ओड्वार म्हणाला, हं बोर्गहिल, काय वाचणार होतीस? पानं काढली आणि तोंडातून निघालं, माझ्याच्यानं होडी सुलटी होत नाही.
कप ठेवून सगळे उठले. कॉफी निवायच्या आत होडी सुलटी. ओड्वारने होडीच्या काठात बोट खुपसलं, ते आरपार गेलं. जमिनीला टेकून कुजलाय. म्हणाला, ठोकळे हवे होते गं. बदलू फळ्या, पण या उन्हाळ्यात नाही. तोरुन म्हणाली, तोंड होतं ना तुला?
खालचं गवत पांढरं पडलेलं, होडीच्या आकाराचं. त्यात आस्बियर्नचा एक हातमोजा.
ओड्वारला रंगाच्या डब्याखाली घालायला कागद हवे होते. निबंधाची पानं दिली.
उद्या उरलेलं कुंपण. हातमोजा मोठा होतो, पण ब्रश धरता येतो.