वासिलीकाकांकडचं विरजण

२ मे

प्रिय अगाफिया,

नदीवरचा बर्फ अजून फुटलेला नाही. आई रोज खिडकीतून बर्फाला शिव्या घालते, म्हणजे तिची तब्येत उत्तम. तुझं आणि छोट्या निकोलाईचं अँकरेजला बरं चाललं असेल. त्याचा खोकला गेल्याचं कळलं तेव्हा आई रडली. वर म्हणाली, "स्टोव्हचा धूर गेला डोळ्यांत."

माझ्या नोकरीचं सांगते. मोरीतलं, न्हाणीतलं सांडपाणी घरातच शुद्ध करून पुन्हा हात धुवायला देणारं यंत्र गावात आलंय. ते कसं वापरायचं, हे मी शिकवते. पहिलं यंत्र शेजारच्या वासिलीकाकांकडे बसलं, दुसरं आपल्याकडे. मार्चमध्ये सगळ्या गावाला घरी बोलावलं, ऐटीत नळ सोडला, आणि असा भपकारा आला की वासिलीकाका म्हणाले, "पोरी, यापेक्षा किनाऱ्यावर कुजलेला सील बरा!" सगळे हसत बाहेर. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

टाकीतले जिवाणू घाण खातात, म्हणून पाणी निवळतं. आपल्याकडचे सगळे मेले होते. आईनं आदल्या दिवशी मोरीत बाटलीभर ब्लीच ओतलं होतं.

"तुला शंभरदा सांगितलं होतं!" मी ओरडलेच.

"यंत्र आलं म्हणजे 'हे' परत येतील, असं वाटलं मला," ती म्हणाली. "पुन्हा त्यांच्या छातीत कफ नको. नर्सबाई इतकी वर्षं सांगतेय ना, ब्लीच टाका म्हणून?"

'हे' म्हणजे तुझा निकोलाई. नावाबरोबर गेलेलं माणूस परत येतं म्हणतात ना आपल्यात; बाबांचं नाव त्याला दिलं, तेव्हापासून आईला तो नातू नाहीच, नवराच. मला वाटायचं, गमतीनं म्हणते. पण तू त्याला घेऊन विमानात बसलीस तेव्हा ती दुसऱ्यांदा विधवा झाली गं. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बादली घेऊन वासिलीकाकांच्या दारात.

"आजवर लोक मासे मागायला यायचे. तू माझं गटार मागतेस?"

"विरजण मागतेय, मेल्या! भर बादली."

त्यांच्या टाकीतला गाळ आपल्या टाकीत पडला आणि जिवाणूंनी हळूहळू जीव धरला. पाण्याची तपासणीही चांगली आली. परवा पुन्हा गाव जमलं. मी बोलायच्या आधीच आईनं शिकवायला सुरुवात केली. नळाखाली हात धुतले आणि ओला तळवा वासिलीकाकांच्या नाकाला लावला. "घे, वास घे! आणि मोरीत ब्लीच टाकणाऱ्याचा हात मोडीन." आता जो तो मला विचारतो, आमच्याकडे यंत्र कधी?

हात धुवायला पाणी नाही तिथे लेकरू ठेवणार नाही, म्हणाली होतीस. तुझं बरोबरच होतं. आता पाणी आहे.

नळापाशी आईनं एक खोका पालथा घातलाय. मी त्याला रोज अडखळते. काल उचलायला गेले, तर खेकसली, "राहू दे! 'ह्यांचा' हात पोचायला नको?"

वाट आई बघते. मी नुसत्या विमानाच्या वेळा बघते.

तुझी ताई,
ओलिंका