खुर्चीची खालची बाजू

प्रिय धाकट्या,

तुला पत्र लिहायला बसलो तर पेनच चालेना. चार वर्षांत या घरात कागदावर कुणी काही लिहिलेलं नाही. खुर्च्यांची मापंसुद्धा मी हल्ली फोनमध्ये टिपतो. शेवटी तुझ्या वहिनीने कपाटामागून हे शिसपेन्सिलीचं थोटूक काढून दिलं. तेव्हा अक्षर पुसट वाटलं तर डोळ्यांना दोष देऊ नकोस.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझी खुशाली वहिनीकडून कळते. तुझा फोन आला की मी नेमका आंघोळीला गेलेला असतो, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. चार वर्षांत इतक्या आंघोळी केलेला माणूस या गल्लीत दुसरा नसेल.

मोठी बातमी ही की आपल्या दुकानाचं आता पेज आहे. हसू नकोस. मागच्या वर्षी खुर्च्या येणं फारच कमी झालं. लोकांना वाटतं वेताची बैठक फाटली की खुर्ची संपली. ती पुन्हा विणता येते हेच ठाऊक नसतं. तीन आठवडे मी देवाचं नाव घेऊन दार उघडत होतो आणि देवाचंच नाव घेऊन बंद करत होतो, मधल्या वेळात तेच वेत पुन्हा पुन्हा भिजवत होतो. मग तुझ्या पुतणीने एका सुट्टीच्या दिवशी मला समोर बसवलं आणि पेज काढून दिलं. रोज एक फोटो टाकायचा, दोन ओळी लिहायच्या, कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं. शाळेत गुरुजींनी गृहपाठ दिला की मी जसा मान खाली घालून करायचो तसा करू लागलो.

फोटोच्या खाली तिने ती एक खूण घालायला शिकवलं, दोन उभ्या रेघा आणि त्यांवर दोन आडव्या. हॅशटॅग म्हणतात. मी म्हटलं, ही तर आपल्या विणीची सुरुवात आहे, उभे आडवे पदर झाले, तिरपे कुठे आहेत? ती म्हणाली, तिरपे नसतात. मला आठवडाभर चैन पडेना. जगभरच्या लोकांनी कोट्यवधी बैठका अर्धवट विणून सोडून दिल्यात असंच वाटत राहिलं. एकदा मी फरशीवर खडूने एका खुणेत तिरपे पदर भरून पाहिले, तेव्हा कुठे बरं वाटलं.

पहिले तेवीस दिवस मी खुर्च्यांच्या खालच्या बाजूचे फोटो टाकले. तुला कारण सांगायला नको. वरून काय, कुणाचीही वीण सरळ दिसते. खाली गाठी असतात, पट्टी कुठे संपली, कुठे जोडली, कुठे आळस केला, सगळं तिथे कळतं. बाबा खुर्ची हातात आली की आधी उलटी करायचे. देव माणसाला असाच उलटा करून पाहत असेल, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं. तर मी आपला मनोभावे खालची बाजू दाखवत राहिलो. एका बाईंनी विचारलं, ही चाळण केवढ्याला? दुसऱ्या एकाला ते पडक्या घराचं छत वाटलं, त्याने काळजी घ्या असं लिहिलं.

लाईक रोज तीन यायचे. एक पुतणीचा, एक तुझ्या वहिनीचा. ती भाजी निवडता निवडता न बघता अंगठा दाबते. एकदा कुणाच्या तरी निधनाच्या बातमीवर दाबला तेव्हापासून जरा बघते. तिसरा होता ‘डुगडुगता स्टूल’ नावाच्या कुणा माणसाचा.

या स्टुलाबद्दल तुला सांगितलंच पाहिजे, कारण त्याने मला भारी छळलं. चोविसाव्या दिवशी त्याने लिहिलं की अहो, लोक खुर्चीवर बसतात, खुर्चीखाली झोपत नाहीत. वरची बाजू दाखवा. माझा संताप झाला. मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, वर सप्रेम नमस्कार, खाली आपला नम्र, मध्ये बाबांची शिकवण. त्यावर त्याने लिहिलं की उत्तर सुंदर आहे, पण माझ्या आधी एका बाईंनी बैठक विणायला किती दिवस लागतात असं विचारलंय आणि तुम्ही त्यांना घरच्या मंडळींची प्रकृती कळवलीत. मी बघितलं तर खरंच तसं झालं होतं.

मग त्याचे सल्ले थांबेनातच. फाटलेली खुर्ची आणि विणलेली खुर्ची शेजारी शेजारी ठेवून दाखवा. किती दिवस लागतील ते फोटोबरोबरच लिहा. उपदेश कमी करा. हात दाखवा, लोकांना हात बघायला आवडतात. आणि एक दिवस लिहिलं की दुकानात अंधार आहे, सकाळी दहाला मागच्या दाराशी ऊन येतं तिथे बसून व्हिडिओ काढा. मला वाटलं, केवढा जाणकार माणूस! दुकानाचं तोंड न बघता मागच्या दाराचं ऊन सांगतो. असेल बुवा, असतात अशी माणसं.

चिडत चिडत का होईना, मी ऐकलं. पुतणीने फोन धरला, मी मागच्या दाराशी बसून तिरपे पदर घातले, दीड मिनिट, एक शब्द न बोलता. माझं गुणगुणणं तेवढं त्यात आलं, ते मला काम करताना थांबवता येत नाही. तो व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला. कुणी लिहिलं, मन शांत झालं. कुणी लिहिलं, आजोबांची खुर्ची माळ्यावर आहे, उद्याच काढतो. एकाने लिहिलं की तुमचे हात बघता बघता गाढ झोप लागली. आधी मला राग आला, मग पुतणीने सांगितलं की ती स्तुती आहे. आता दुकानात खुर्च्या ठेवायला जागा नाही. वहिनी म्हणते, घरात इतक्या खुर्च्या आणि बसायला एक नाही.

आपण दोघं शाळेत सात वर्षं जमिनीवर बसलो आणि पोट भरलं ते खुर्च्यांवर, हे तू नेहमी म्हणायचास. त्या दिवसांत खुर्ची फक्त गुरुजींना होती, आणि तिची बैठक फाटली तेव्हा बाबांनी ती आपल्या दोघांकडून विणून घेतली होती. उजवीकडून मी, डावीकडून तू. मध्ये आपले पदर भेटले तेव्हा बाबांनी खुर्ची उलटी केली, पाहिली आणि उचलून तशीच शाळेत पोचवली. बाबांनी तशीच पोचवली म्हणजे चांगलं झालं होतं.

दोन महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरांकडून एक जुनी खुर्ची आली. बारा वर्षांपूर्वी आपणच विणलेली. बैठक फाटली होती, कडेच्या गाठी मात्र शाबूत. जुनी सवय म्हणून मी खालच्या बाजूचा फोटो टाकला. पाचव्या मिनिटाला स्टुलाने लिहिलं, ‘डावीकडून तिसरी गाठ उलटी आहे. पण सुटणार नाही.’

मी फोन खाली ठेवला आणि खुर्ची उलटी केली. डावीकडून तिसरी गाठ. डावखुऱ्या माणसाने मारलेली गाठ उलटी पडते. बाबांनी वर्षभर ओरडून पाहिलं आणि मग सोडून दिलं होतं. सुरी लावून पाहिली, वेत तुटला असता, गाठ सुटली नसती. मी ती काढली नाही. सगळी बैठक नवी विणली आणि ती एक गाठ तशीच ठेवली.

आता खरं सांगतो, धाकट्या. तो स्टूल कोण हे मला मागच्या दाराच्या उन्हापासूनच कळलं होतं. तू केलेला पहिला स्टूल अजून माझ्या बाकाशेजारी आहे, अजून डुगडुगतो. त्यावर कप ठेवला की निम्मा चहा बशीत उतरतो. तरी मी तुला अनोळखी समजून उत्तरं देत राहिलो, कारण अनोळखी माणसाचं ऐकायला लाज वाटत नाही. चार वर्षांपूर्वी तू नेमकं हेच सांगत होतास. फोटो काढू, लोकांना दाखवू. आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, ‘तुझ्या हातात काम नाही, नुसतं तोंडात आहे.’ तू तुझी विणायची आरी आणि खुंट्या पिशवीत घालून गेलास, आणि आता दूरच्या शहरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकतोस, ज्यांच्या खाली बघण्यासारखं काही नसतं. ते वाक्य खोटं होतं. माझ्याकडून एवढं खोटं आजवर दुसरं बोललं गेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात आणखी एक बोललो. जुन्या नाटकगृहाच्या बाईंनी व्हिडिओ पाहून लिहिलं, ऐंशी खुर्च्या आहेत, अडीच महिन्यांत पडदा उघडायचा आहे, दुकानात कारागीर किती? मी लिहिलं, ‘दोघे भाऊ.’ पाठवून झाल्यावर देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात. ऐंशी खुर्च्या मी एकटाही कशाबशा करीन, निम्म्या वेळेवर आणि निम्म्या उशिरा. पण ते वाक्य मला एकट्याला खरं करता येत नाही. तुझ्या बाजूचा बाक मी काल रिकामा केला, त्यावर सात खुर्च्या रचल्या होत्या. पेजवर हे लिहिलं असतं तर हजारो लोकांनी वाचलं असतं, म्हणून कागदावर लिहिलं. डाव्या बाजूने तू सुरू कर.

तुझाच,
दादा

ता. क. उत्तर पत्रानेच पाठव, नाहीतर स्वतःच ये. नुसता अंगठा पाठवू नकोस.