चौथीच्या खिडकीतली विणकरबाई

प्रिय चिमणे,

परवा तू फोनवर विचारलंस त्याला मी नुसतं 'कळवते' म्हणून फोन ठेवला, तेव्हा तू फुगली असशील. फुग. पुढे बोलले असते तर रडू आलं असतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, आधी बातमी घे, ती माझ्या पोटात राहत नाहीये. काल तुझ्या आईने भरल्या वर्गात, तपासनीस साहेबांसमोर, कोळी शिकवला. हातात झाडू होताच.

झालं असं, की परवा सकाळी मोठ्या बाईंनी मला बजावलं, उद्या तपासणी आहे, शाळेत जाळं औषधालासुद्धा दिसता कामा नये, दिसलं तर तुझी नोकरी तू सांभाळ. बावीस वर्षं जाळी काढतेय, मला त्यात काय नवीन? पण चौथीच्या खिडकीत एक कोळी आहे, मादी, मी तिला विणकरबाई म्हणते. रोज संध्याकाळी मी तिचं घर मोडायचं आणि सकाळी तिने नवं कोरं दाखवायचं, असं आमचं चाललेलं. परवा शाळा सुटताना झाडू वर केला तर सगळी पोरं आडवी आली, मावशी नको, मावशी नको. खरं सांगते, माझाही हात उठेना. झाडू खाली ठेवला आणि रात्रभर नोकरीच्या काळजीने कूस बदलत राहिले.

साहेबांची नजर नेमकी तिथेच गेली. हे कोणी ठेवलं, असं त्यांनी विचारलं, मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. तरी मी दारातून म्हणाले, मी ठेवलं, पोरांना बघायचं होतं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. पोरांकडे वळून विचारलं, माशी जाळ्याला चिकटते, मग कोळी का चिकटत नाही? वर्गाच्या बाई पुस्तक चाळायला लागल्या. आणि मला काही गप्प बसवेना.

मी सांगितलं, तिच्या पोटात धागा नसतोच, पातळ रस असतो. मागच्या बारीक नळ्यांतून तो ओढला की त्याचा धागा होतो. पहिला धागा ती वाऱ्यावर सोडून देते, पलीकडे कुठे अडकला की झाला पूल. मग मधोमधून चहूकडे धागे ताणते, सायकलच्या चाकाच्या तारांसारखे. हे कोरडे. त्यांच्यावर गोल गोल फिरत जो धागा लावते, त्याला चिकाचे थेंब असतात. माशी फसते ती त्या थेंबांना. बाईसाहेब आपल्या बहुतेक कोरड्या धाग्यांवरून चालतात, मी ओली फरशी चुकवून कडेकडेने जाते ना, तशा. चुकून पाय पडलाच तर त्यावरचे बारीक केस तो सहसा अडकू देत नाहीत. मग झाडूची एक काडी मोडून मी जाळं हळूच हलवलं. आठ डोळे असून तिला धड दिसत नाही, सगळं पायांना कळतं. ती धावत आली, काडी चाचपली आणि हात हलवत, म्हणजे पाय हलवत, परत गेली. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. साहेबांनी काडी स्वतः मागून घेतली. सुट्टीत मी नसले की ती जुनं जाळं खाऊन त्यातूनच नवं विणते, हे ऐकल्यावर मोठ्या बाईसुद्धा चष्मा सावरत खिडकीशी आल्या.

मला हे कुठून माहीत, म्हणशील. बावीस वर्षं मान वर करून काम केलं की दिसतं. उरलेलं वाचनालय झाडताना वाचलं, पुस्तकं आधी पुसते, मग उघडते. आज वेळापत्रक बदललंय. शुक्रवारचा शेवटचा तास, चौथी, आणि पुढे मोठ्या बाईंच्या अक्षरात माझं नाव. मी तीनदा जाऊन वाचून आले, तिथली भिंत उगाचच पुसत.

आता तुझं. नोकरीच्या अर्जात आईचा व्यवसाय विचारलाय, काय लिहू, असं म्हणून तू अडखळलीस. तू याच शाळेत चौथीत होतीस तेव्हाचा एक फॉर्म मला आठवला. ऑफिसचं टेबल पुसताना हाती लागला होता. आईचा व्यवसाय, आणि पुढे तुझ्या गोल अक्षरात, 'शिक्षिका'. मी तो जागच्या जागी ठेवला आणि तुला कधी बोलले नाही. लागलं होतं गं, फार लागलं होतं. आता नाही. या वेळी ठसठशीत अक्षरात लिही, सफाई कामगार. रकान्यात जागा उरली तर पुढे लिही, दर शुक्रवारी शिक्षिका. तेव्हा तू खोटं लिहिलं नव्हतंस, चिमणे, जरा लवकर लिहिलं होतंस.

तुझीच,
चौथीची मावशी, म्हणजे आई