बावड्याच्या गिरणीची भिंत

प्रिय प्रज्ञे,

तुझा फोन अजून माझ्याकडेच आहे. बंद करून टाक, असं सगळे म्हणाले. मी रोज सकाळी तो चार्जिंगला लावते. का लावते, ते मला विचारू नकोस. मंगळवारी लॅबमध्ये सॅम्पल लावत होते आणि तो वाजला. वर नाव आलं, ‘बावडा गिरणी’. मी उचलला.

“काय बाळा, तात्या बोलतोय, हायस कुठं? चार-पाच म्हैनं झालं, तोंड दावलं न्हाईस! आमच्या रूपालीचं लगीन ठरलंय. भिंतीवर नवरा-नवरीची नावं तूच काढायची बघ. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय मी. कधी येतीस?”

मी “रविवारी येते,” म्हणाले आणि ठेवून दिला. आपल्या दोघींचा आवाज सारखा आहे, असं आई म्हणायची. त्या माणसाला खरंच फरक कळला नाही.

काल रविवार होता. जाऊन आले. तुला सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगून टाकते. तुला जाऊन पाच महिने झाले आणि मी रडलेले नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पाण्याचे जार आले की नाही ते बघत होते. माणसं जेवून गेल्यावर सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मावशी म्हणाली, “पोरगी घट्ट हाय.” घट्ट कसली गं! इंजेक्शन दिल्यावर हाताला चिमटा काढला तर कसं लागत नाही, तसं झालंय. चिमटे मात्र काढत असते मी.

तुझी एकही भिंत मी पाहायला आले नव्हते. एकही! बारा-तेरा वर्षं तू म्हणत होतीस, “ताई, एकदा चल की.” मला कधी ड्यूटी असायची, कधी पोरांची परीक्षा. एकदा तर मी तुला सरळ म्हणाले होते, “भिंत काय बघायची असते?”

तुला सगळ्याच भिंती बघायच्या असायच्या. आपण भाजी आणायला निघालो की तू दर दहा पावलांना थांबायचीस. आठवतं, मंडईच्या मागे कुणीतरी निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं, ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’. तू तिथं उभीच राहिलीस. “ताई, ह्या ‘ह’चं पोट बघ! सगळा राग त्या पोटात भरलाय माणसानं.” फोटो काढलास. मेथीची जुडी माझ्या हातात सुकत होती. मी म्हणाले, “तुला वेड लागलंय.” शाळेच्या भिंतीवरचं ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’, पाण्याच्या टाकीवर कोळशानं लिहिलेली कुणाकुणाची नावं आणि मधला बाण, ‘कडबा कुट्टी मशीन मिळेल’, सगळं तुझ्या फोनमध्ये आहे. एवढे फोटो, आणि माणूस एकातही नाही.

आणि तुझं स्वतःचं ते एकच अक्षर. ळ.

नववीत होतीस. सुट्टीत लोणी भापकरला काकांकडे गेलो होतो. दुपारी सगळे झोपले असताना तू गेरू कालवून गोठ्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा ळ काढलास. काका उठले ते ओरडतच. “दुसरं अक्षर घावलं न्हाय का गं तुला?” तू म्हणालीस, “काका, ळ नं कुठलाच शब्द सुरू व्हत न्हाय. कायम मागं उभं असतंय बिचारं. म्हटलं, एकदा एकटंच मोठं काढावं.” काकांना हसू आलं. मला नाही आलं. आईला काय सांगायचं, या विचारात होते मी. सगळ्यांच्या आधी मला भीती वाटायची, तेव्हापासून.

पुढे तू फ्लेक्सच्या दुकानात लागलीस. दिवसभर लोकांच्या वाढदिवसाचे फोटो गोरे करायचीस, आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटीच्या डिकीत डबे-ब्रश टाकून निघायचीस. बारामतीपासून इंदापूरपर्यंत. भिंतवाल्याला विचारूनच रंग लावायचीस, हे काल तात्यांकडून कळेपर्यंत मला माहीत नव्हतं.

काल बसला वेळ होता म्हणून एसटी स्टँडच्या मागे गेले. तुझा ळ दिसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. नेमकं काय बघतात गं? मला येत नव्हतं, म्हणून लॅबमध्ये स्लाइड बघते तशी बघितली, एका कोपऱ्यातून सुरू करून. भिंतीचा गिलावा एका जागी उडालाय. तू तो बुजवला नाहीस. ळ चं डावं वेटोळं बरोबर त्या खड्ड्याभोवती फिरवलंस. आतली वीट तशीच लाल ठेवलीस. कडेची रेघ कुठंही थरथरलेली नाही. खाली रंगाचा एक ओघळ आलाय, तो पुसायच्याऐवजी तू त्याला मूळ फोडून दिलंस, बारीक बारीक. शेजारी एक माणूस तंबाखू मळत होता. म्हणाला, “हितं आदी समदे थुंकायचे. ह्ये काढल्यापसनं न्हाय थुंकत कुणी.” मी म्हणाले, “बरं.” एवढंच बोलले. माझी बहीण होती ती, एवढं तरी म्हणायचं!

निमगाव केतकीला बस थांबली तर खिडकीतूनच अजून एक दिसला. पानांच्या दुकानाच्या भिंतीवर हिरवा ळ, वेलीसारखा वर चढत गेलेला. कंडक्टर पुढच्या सीटवरच्या बाईंना सांगत होता, “ती पोरगी काढायची. पानमळ्यातला ळ हाय त्यो.” तेव्हा मला कळलं. शाळेवर काढलास तो शाळेतला. नळाच्या टाकीवरचा नळातला. तू उगाच कुठंही काढत नव्हतीस! कंडक्टरला माहीत होतं, मला नाही.

बावड्याला उतरले. गिरणी रस्त्यालाच आहे, विचारावं लागलं नाही. पांढऱ्या भिंतीवर पिवळसर ळ, त्याची दोन वेटोळी म्हणजे जात्याच्या दोन तळ्या, आणि मधून पीठ सांडल्यासारखे ठिपके. तात्या बाहेर आले, अंगावर पीठच पीठ. माझ्या मागे बघितलं. “ती कुठं हाय? तुमी कोण?”

मी सांगितलं. तात्या, मी तिची थोरली बहीण. प्रज्ञा गेली. डेंग्यू झाला होता. श्रावणात गेली. हे सगळं मी रिपोर्ट वाचून दाखवतात तसं सांगितलं. ते आत गेले आणि गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तिथंच पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या घरच्या काकू पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला लिव्हाया-वाचाया येत न्हाय बाई. पर ह्येवढं एक अक्षर येतं. तुज्या भैनीनं बोट धरून गिरवून घेतलं माज्याकडनं. म्हनली, काकू, ह्यो दळणातला.”

काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांना पाणी मी आणून दिलं. उलटं झालं सगळं, नाही का?

तात्या बाहेर येऊन म्हणाले, “लग्नाची नावं काढाया ही भिंत पुसायची व्हती. आता न्हाय पुसायची. मांडव दुसरीकडं घालू. नावं फ्लेक्सवर छापू.”

तुझी एक भिंत मागे कुणीतरी पुसली होती. मला वाटलं होतं तू भांडशील. तू म्हणालीस, “भिंत भिंतवाल्याची असते, ताई. आपण थोडा वेळ उभं राहून घ्यायचं.” ते मी तात्यांना सांगितलं. म्हटलं, “पुसा. रूपालीचं लग्न आहे. दोघांची नावं भिंतीवरच हवीत, फ्लेक्सवर नकोत. प्रज्ञाला फ्लेक्सचा फार कंटाळा होता.”

“मग पयला हात तुमी लावा.”

आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला ब्रश लावला. जड असतो गं तो! मनगट भरून येतं. तू दिवस दिवस कसा फिरवत होतीस? एका वेटोळ्याचं निम्मं झाकलं आणि मी तात्यांच्या हातात ब्रश दिला. पहिला हात वाळला तरी ळ खालून दिसतच होता. दुसऱ्या हाताला गेला. इंदापूरच्या पेंटरला फोन झाला, तो आज येऊन नावं काढणार होता. मी खुर्चीवर बसून शेवटपर्यंत बघितलं. तेव्हा तरी रडू येईल, असं वाटलं होतं. नाही आलं. भूक लागली. इतकी, की पोटात कळ आली. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली, मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. पाच महिन्यांत जेवणाची चव कळलेली ही पहिली वेळ. लाज वाटली. तुझी भिंत पुसून मी जेवत होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

आषाढात तू आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्या बंद दुकानाच्या भिंतीवर ळ काढलास. केशरी, लांबून दिसणारा. गल्लीत चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या माहेरच्या माणसांना कामंधंदे नाहीत वाटतं.” मी तुला फोन केला. काय काय बोलले ते तुला आठवत असेल. “माझ्या दारात हे धंदे करायचे नाहीत. आता फोनसुद्धा करू नकोस मला.” तू एवढंच म्हणालीस, “बरं ताई.” तो ळ कुठल्या शब्दातला होता? मी विचारलंच नाही. आठवड्याभरात कुणीतरी त्यावर क्लासची जाहिरात चिकटवली, मी मान खाली घालून तिथून जात राहिले.

बारा दिवस आपण बोललो नाही. तेराव्या दिवशी, गुरुवारी, तुझा फोन आला. “ताई, अंग लई दुखतंय. डोळ्यांच्या मागं ठणकतंय. लॅबला येऊ का?” ही लक्षणं मी रोज कागदावर वाचते, प्रज्ञे. रोज! आणि मी म्हणाले, “तापाची गोळी घे. मला सवड नाही. रविवारी बघू.” राग होता माझ्या आवाजात. तो तू ऐकलास, म्हणून तू शुक्रवारी फोन केला नाहीस, शनिवारी केला नाहीस. रविवारी रिक्षातून उतरलीस ती दांडीला धरून. तुझं रक्त मीच काढलं. प्लेटलेटचा आकडा बघून मशीन बिघडलं असं वाटलं, पुन्हा लावला. तोच आला. मंगळवारी तू गेलीस.

डॉक्टर म्हणाले, गुरुवारी आली असती तरी काही सांगता आलं नसतं. ते चांगले आहेत, म्हणून असं म्हणाले. किंवा खरंही असेल. मला कळत नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. आईनं तुझे सगळे डबे, ब्रश, स्प्रे एका पोत्यात भरून न्हाणीमागे टाकलेत. येईल त्याला सांगते, “त्या रंगाच्या वासानंच माजी पोर गेली. किती येळा म्हनलं हुतं, सोड ते.” आणि माझ्याकडे बघते. मी लॅबमधली, मला कळतं, म्हणून. मी म्हणते, “हो आई.” दर वेळी! पाच महिने मी तुझ्या रंगांवर आळ घेऊ दिला. तू गेलीस आणि मी गप्प राहून सुटले.

काकूंना एक अक्षर आलं तुझ्यामुळे. स्टँडमागची भिंत स्वच्छ राहिली. आणि तुझ्या स्वतःच्या घरात तुझे ब्रश न्हाणीमागे भिजतायत, कारण मी खरं बोलले नाही.

मला अजूनही रडू येत नाहीये. येईल असंही वाटत नाही. पण त्याची वाट बघत बसले तर कधीच बोलणं होणार नाही.

उद्या सकाळी कामावर जायच्या आधी आईकडे जाते. तिच्यासमोर बसून सांगते की रंगानं काही केलं नाही आई, तिनं मला गुरुवारीच फोन केला होता आणि मी तिला रविवारी ये म्हणाले. आई मला मारेल, की घराबाहेर काढेल, की नुसती बघत राहील, माहीत नाही. काही झालं तरी सांगितल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही. शब्द देते.

तुझी,
ताई