बेकारीची शक्यता, स्त्री-पुरुषनिहाय

भोर, १२ फेब्रुवारी १९७३, सोमवार
आजपासून संशोधन. सगुणा मार्गासनीला माहेरी जाऊन दोन महिने झाले. सासरे रखमाजी यांचा एकच निरोप: जावईबापूंना नोकरी लागली की पोरगी धाडतो. बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलेल्या माणसाला हा निरोप! पुरुषाला काम नसणं हा दोष नाही, नियम आहे, हे आकड्यांनी सिद्ध करून तिला घेऊन येणार. आठ दिवस पुरे.

१५ फेब्रुवारी, दुपारी ३
सॅम्पल घेतलं. वाचनालयात पेपर वाचत बसलेले बेकार: एकोणीस. सगळे पुरुष. झाडणारी ठकुबाई होती, पण ती कामावर होती, म्हणून वगळली. मला धरलेलं नाही. मी संशोधक.

१६ फेब्रुवारी
माणूस बेकार असेल, तर तो पुरुष असण्याची शक्यता: एक. म्हणजेच, पुरुष असेल, तर तो बेकार असण्याची शक्यता: एक. वाक्य उलटलं तरी शब्द तेच. बायकांत बेकारी नाहीच. पुढचं गणित मांडणार तोच आईने दळण आणायला पाठवलं. या घरात विचार करणं अवघड.

२० फेब्रुवारी
नसरापूरला एसटी बदलून मार्गासनी. सासऱ्यांना तक्ता समजावला. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, गाभण असतं ते जनावर मादीच, पर मादी असंल ती गाभणच का? आमची म्हस तीन वर्सं भाकड हाय. जनावरांचं उदाहरण इथे लागू होत नाही, हे त्यांना पटेना.
मग त्यांनी विचारलं, ह्या कागदात आमची सगुणा कुठं हाय? म्हटलं, ती काम शोधत नाही, म्हणून मोजलेली नाही. सगुणा चुलीपासून म्हणाली, दुष्काळी कामावर खडी फोडायला म्या तीनदा गेले. मुकादम म्हणतो, नवरा बीएश्शी, तुला काय कमी? गरजू बाईला जागा सोड.
नवरा शिकलेला असेल, तर बायकोला काम मिळण्याची शक्यता: शून्य. मोठा शोध! तिथेच टिपून घेतला. जेवायला थांबा, असं कोणी म्हणालं नाही.

२७ फेब्रुवारी
उद्या पहाटे पाचला उठून अहवाल पूर्ण करणार.

२८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
परवापासून.

४ मार्च, रविवार
सगुणा आली! स्वतःहून! तक्त्याचा परिणाम. ट्रंक दिसली नाही, मागून येणार असेल.
चहा झाल्यावर तिने कागद काढला. तिच्याच अक्षरात: 'मी बेकार आहे. माझ्या बायकोस कामाची गरज आहे.' म्हणाली, मुकादमाला खरं काय ते सांगितलं. तुमची सही आणली तर उद्यापासून घेतो म्हणाला. मी तिला बेकार आणि संशोधक यांतला फरक सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला. मग म्हणाली, दोन वर्सं लोकांना सांगतेय, आमचे हे नोकरी शोधत्यात. आता लई कंटाळा आला खोटं बोलायचा.
मला वाईट वाटलं. विचारलं, मग घरी कधी येशील? म्हणाली, आता काम सोडून कशी येऊ?
सही केली. पूर्ण नाव, पुढे बी.एस्सी.
तिने कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाली, अहो, त्येवढं बीएश्शी खोडा, न्हाईतर मुकादम घ्यायचा न्हाई.
खोडलं.