खंडेनवमीला पुजलेल्या तारखा

मी, म्हाळसाबाई सर्जेराव मारकड, वय अदमासे सत्तर, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. घरातल्या इतरांच्या बुद्धीची हमी मी देत नाही. वकिलांनी मसुद्यात ‘सर्व वारसांवर सारखी माया असून’ असे घातले होते. ते मी खोडायला लावले.

१. बाजाराच्या रस्त्यावरचे ‘मल्हार मंगल कार्यालय’ माझ्या स्वकष्टाचे आहे. माझे मालक सर्जेराव वारल्यावर मेंढरे विकून मी ते बांधले. त्यावर कोणाचाही वडिलार्जित हक्क नाही.

२. दीर दादासो यांनी पायाभरणीला चारचौघांत विचारले होते, “मेंढरामागच्या बाईच्या दारात लगीन लावाय कोण येतंय?” पुढे त्यांच्याच घरची सगळी लग्ने इथे लागली आणि दर पंगतीला त्यांनी जिलेबीला नावे ठेवली. त्यांना कार्यालयाचा फुटका भोंगा द्यावा. तोंडाला विसावा मिळेल.

३. मालकांची लोकर कातरायची कात्री माझा भाचा सिद्धू याला. तो अजून मेंढरे राखतो आणि आल्यावर आधी माझी तब्येत विचारतो.

४. राहते घर आणि नरसिंहपूर रस्त्याची जमीन मुलगा दीपक याला. शिवाय त्याचा संगणक, संगणकाचे प्लास्टिकचे झाकण आणि सर्व फ्लॉप्या, आतल्या भंडाऱ्यासकट.

याचा खुलासा करणे भाग आहे. दीपकने बारामतीहून संगणक आणला आणि लग्नाच्या तारखांचे कॅलेंडर त्यात घातले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाइप केला की त्या तारखांची नक्कल फ्लॉपीवर उतरे. दर आठवड्याला तो नक्कल काढी आणि दमल्यासारखा चहा मागे. “आये, आता कार्यालय जळालं तरी तारखा ऱ्हात्यात,” म्हणे. शहाणपण उतू चालले होते.

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी कात्र्या-कोयत्यांबरोबर फ्लॉप्याही पुजल्या. ह्या हुशाराने प्रत्येक फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत चिमूट चिमूट भंडारा टाकला, देवाचा हात आतपर्यंत पोचावा म्हणून. पुढच्याच आठवड्यात विजेचा दाब वाढून संगणकातले सगळे जळाले. दुरुस्तीनंतर पुजलेली एकही फ्लॉपी चालेना. खणात एक आषाढातली राहिली होती, पूजेला आणायची विसरलेली, तेवढी चालली. त्याने हुकूम दिला आणि आषाढातले कॅलेंडर परत आले.

आषाढानंतर ठरलेल्या लग्नांची माणसे पावत्या दाखवून तारखा पुन्हा घालून गेली. पण श्रावणात माझी नात, कऱ्हाटीच्या लेकीची मनिषा, हिचीही सुपारी फुटली होती. घरच्या लग्नाला पावती कोण फाडतो? दीपकने ती तारीख रावजी पुढाऱ्याच्या पुतण्याला दिली. रावजीची पत्रिका घरात आली तेव्हा मला कळले.

मी म्हटले, “आरं, तुज्या सख्ख्या भाचीचं लगीन हाय त्या दिवशी. तुज्यासमोर ठरलंय.”

“मशीनमधी तारीख मोकळी हाय, आये. रावजीला शबुद दिलाय.”

“आन् मला दिल्याला?”

बहीण दारात रडत उभी होती. तिला म्हणाला, “पावती हाय का तुज्याकडं?”

मनिषाचे लग्न वैशाखाच्या उन्हात कऱ्हाटीला खळ्यावर लागले. कार्यालयाची मालकीण असून मी तिथे बादलीने पाणी वाढले. त्याच वेळी माझ्या कार्यालयात रावजीचा बँड वाजत होता आणि माझा मुलगा दारात फेटे बांधत होता. त्या दिवशी माझे मन त्याच्यावरून उतरले, ते उतरलेच.

५. म्हणून मंगल कार्यालय, भांडी, सतरंज्या आणि नावलौकिकासह, मी कऱ्हाटीला दिलेली मुलगी नकोशी हिला देते. हे नाव सासूबाईंनी ठेवले होते. कार्यालयाच्या पाटीवर मालकीण म्हणून तेच मोठ्या अक्षरांत रंगवावे. त्याखालून भावकीची सगळी लग्ने जाऊ देत.

६. नकोशीला एकच अट. दीपकच्या मुलीचे, रेश्माचे, लग्न ठरेल तेव्हा तो सांगेल त्या दिवशी तिला कार्यालय द्यावे. तारीख दुसऱ्या कोणाला दिली असली तरी द्यावे. त्याच्याकडे पावती मागू नये.

वरील मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे.

सही : म्हाळसाबाई सर्जेराव मारकड

साक्षीदार :
१. डॉ. शंभूराज गोफणे (प्रकृती तपासली, शुद्धीवर आहेत)
२. संभाजी रावसाहेब भोंग

स्थळ : इंदापूर
दिनांक : २२ जून १९९८