तुमच्या दादांच्या रक्तातले बुडबुडे

प्रताप नगर, नागपूर
रविवार, दुपार

हेमराजभाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

तुमची प्रकृती चांगली असेल असं मी धरून चालते, कारण विचारायला फोन केला तर तुम्ही उचलत नाही, आणि आजारी माणूस निदान कण्हण्यासाठी तरी फोन उचलतो. सरिताच्या गुडघ्यांना उतार पडला असावा. विशाखापट्टणमची दमट हवा सांध्यांना वाईट, हे मी तुम्ही तिकडे घर घेतलं तेव्हाच सांगितलं होतं. आमच्याकडे कूलरला नवीन वाळा लावून झाला आहे आणि दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी ठीक आहे. मला काही व्हायला वेळ नाही.

पत्राचं कारण असं. या आठवड्यात तुम्हाला नागपूरहून डॉक्टर वेदिका नावाच्या मुलीचा फोन येईल. गोड बोलेल. तुम्हाला 'सर' म्हणेल. खोल समुद्रात काम केलेल्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास चालला आहे, त्यासाठी नागपूरला या, असं सांगेल. तुम्ही साफ नाही म्हणा. का, ते खाली सविस्तर लिहिते. चष्मा लावून वाचा आणि मधली पानं गाळू नका. ती सवय तुम्हाला शाळेपासून आहे.

तुमच्या दादांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं तुम्हाला आपल्या भाच्याकडून, अश्विनकडून कळलंच असेल (वाईट बातमी त्याच्या पोटात चहा थंड होईपर्यंतही राहत नाही). सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं. चार तास यंत्राला बांधून घ्यायचं, एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. पाणी दिवसाला मोजून, त्यात चहा आणि वरणाचं पाणीही धरायचं. संत्रं बंद. नागपुरात राहून संत्रं बंद. भेटायला येणारा प्रत्येक जण संत्र्यांची पिशवी घेऊन येतो आणि मी ती दारातूनच परत करते, त्यामुळे कॉलनीत माझ्या स्वभावाबद्दल जे मत होतं ते आता पक्कं झालं आहे. तहान ही काय चीज आहे ते मला या माणसाकडे पाहून कळलं. चूळ भरायला जातात ते लवकर परत येत नाहीत. मी नळाच्या आवाजाकडे कान लावून उभी राहते. एकदा ओला दुपट्टा तोंडात धरून बसलेले सापडले. विचारलं तर म्हणाले, दात दुखतो. ज्या बाजूचा दाखवला तिकडे दातच नाही.

फेब्रुवारीत त्यांनी मला सांगितलं की आता पुरे. आरडाओरडा नाही, रडणं नाही. सोमवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून पलंगावर बसले आणि म्हणाले, "जया, मी आता काई जाऊन नाई राहिलो." सोमवार गेला, बुधवारही गेला. पाय सुजले, धाप लागली, शुक्रवारी मी त्यांना कसं नेलं ते लिहिण्यासारखं नाही (मी मुख्याध्यापिका असताना आमच्या शिपायाला ज्या आवाजात बोलत असे तो आवाज वापरला, एवढंच समजा). पण दर वेळी तो आवाज कुठून आणायचा, हा प्रश्न होता.

अशा वेळी ही डॉक्टर वेदिका आली. वय असेल तिशीचं, केस आखूड, पायात धावायचे बूट. वॉर्डात प्रत्येकाला काका, काकू. मला पहिला संशय तिथेच आला. डॉक्टरांना आपलं नावही आठवत नसतं. ही काका म्हणते म्हणजे हिला काहीतरी हवं आहे. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारपूस केली. ती म्हणाली, पाणबुड्या खोलातून घाईनं वर आला की त्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात (हे तुम्हाला मी सांगायला नको). डायलिसिसच्या नळ्यांतून फिरून परत येणाऱ्या रक्तातही फार सूक्ष्म बुडबुडे जाऊ शकतात. मोठे बुडबुडे यंत्र अडवतं, अगदी बारीक निसटतात. या बारीक बुडबुड्यांनी पाणबुडे आणि डायलिसिसवाले अशा दोघांच्या हृदयाला, फुप्फुसांना, मेंदूला बऱ्याच वर्षांनी काही धोका होतो का, ते दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहायचं आहे. मी विचारलं, होतो का? ती म्हणाली, अजून नक्की माहीत नाही काकू, म्हणूनच तर अभ्यास. भाऊजी, मी जुन्या काळची का होईना, बी.एससी. आहे. माहीत नसलेली गोष्ट इतक्या आनंदानं कबूल करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. संशय दुसरा.

मग मी समुद्राचं विचारलं. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागायला दिवस मोडतो. पाणबुडे शोधायला नागपूर कसं काय निवडलं? तर म्हणे डायलिसिसचे पेशंट इकडचे, पाणबुडे किनाऱ्यावरचे, तिकडे तिचे सहकारी आहेत. उत्तर बरोबर होतं. मला बरोबर उत्तरांचा फार अनुभव आहे. पाठ केलेलं असलं की ते असंच झटकन येतं. किडनी चोरण्याचा प्रकार असावा असंही मनात आलं, पण तुमच्या दादांच्या दोन्ही किडन्या कोणी फुकट दिल्या तरी नेणार नाही, तेव्हा तो मुद्दा मी सोडून दिला. तिच्या कॉलेजात फोन केला. तिथे ती खरंच होती. तिच्या सरांना भेटले. तेही खरे निघाले. एक दिवस तिच्या मागे कॅन्टीनपर्यंत गेले आणि पाठीमागच्या टेबलावर बसले. तिनं तर्री-पोहे खाल्ले, आईला फोन करून जेवल्याचं खोटं सांगितलं आणि परत कामाला गेली. आक्षेप घेण्यासारखं काही म्हणजे काही सापडलं नाही. इतक्या सरळ माणसाकडे दुप्पट लक्ष ठेवावं लागतं.

आता खरा त्रास सांगते. तुमचे दादा बदलले. ती मुलगी डायलिसिस झालं की सोनोग्राफीसारखं एक यंत्र त्यांच्या छातीवर फिरवते आणि काळ्या पडद्यावर हृदय धडधडताना दिसतं. त्यात कधी एखादा पांढरा ठिपका तरंगत जातो. तो बुडबुडा. पहिल्यांदा दिसला तेव्हा ती काळजीपूर्वक समजावत होती की घाबरू नका काका, आणि काका हात वर करून शेजारच्या नत्थूजींना दाखवत होते की हा पाहा माझा. नत्थूजी हे भिवापूरचे, मिरचीचे मोठे व्यापारी, आणि बोलणंही त्यांच्या मालासारखंच. त्यांच्या पडद्यावर काही दिसलं नाही. तेव्हापासून त्यांनी दादांचं नाव पाणबुड्या ठेवलं आहे. आम्ही आत शिरलो की सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारतात, "काहो गोपाळराव, आज किती खोल जाता?" आणि हे, ज्यांनी जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नाही, गंभीर चेहऱ्यानं खोली सांगतात.

सोमवारी आता माझ्या आधी तयार असतात. त्या मुलीला काय काय विचारतात म्हणून सांगू. पाणबुडे दाब भरलेल्या त्या लोखंडी खोलीत दिवसचे दिवस राहतात तेव्हा जेवतात काय, झोपतात कसे, लघवीला कुठे जातात (हा प्रश्न भर वॉर्डात, मोठ्यानं). वर आल्यावर पाय लटपटतात का? आपले डायलिसिसनंतर लटपटतात तसेच का? ती म्हणाली, असेल काका, थकवा येतो. तेव्हा ते म्हणाले की मग हेमराजलेही असंच होत असन. उमरेडच्या आपल्या विहिरीची गोष्टही तिला सांगितली. मोहल्ल्यात कोणाची बादली पडली की तुम्ही सूर मारायचे, आणि हे काठावर उभे राहून तुम्ही वर येईपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी सांगितलं नव्हतं. परक्या मुलीला सांगितलं. हा संशय मी मोजणं सोडून दिलं आहे.

आणि परवा त्यांनी मला न विचारता तिला तुमचा नंबर दिला. माझा सख्खा भाऊ पाणबुड्या आहे, त्याला बोलवा, आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहा, एकाच आईचं रक्त आहे. मुलगी निरागसपणे म्हणाली की काका, तुम्हीच फोन करा ना. मग त्या घागरीचं सगळं तिच्यासमोर निघालं.

ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला माहीत आहे ते अर्धंच. त्या वर्षी समुद्रात जहाज उलटल्याची बातमी टीव्हीवर आली, तुमचा फोन लागेना, कंपनीवाले इंग्रजीत वेळ मारून नेत होते. (तुम्ही त्या लोखंडी खोलीत दाब उतरायची वाट पाहत बसला होता, हे आम्हाला कोण सांगणार?) अक्षय तृतीया आली, गेलेल्यांच्या नावानं घागर भरायचा दिवस. मी सांगितलं, थांबा, माणूस जिवंत असेल. त्यांनी ऐकलं नाही. बाबांच्या आणि आईच्या घागरीशेजारी तुमच्या नावाची घागर भरली, वाळा टाकला, वर आंबा ठेवला, फोटोला हार घातला. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही खांद्यावर बॅग, हातात खजुराचा डबा घेऊन दारात. उन्हातून आलेले, कोणाला हाक न मारता सरळ आत गेले आणि समोर दिसली ती घागर उचलून घटाघटा प्यायले. तोंड पुसता पुसता वर पाहिलं तर भिंतीवर तुम्हीच. तुम्ही म्हणाले, "दादा, मले मारून मोकळा झाला न तू." हार काढून दाराच्या कडीला अडकवला आणि गेले. खजूर मात्र विसरले, चांगले होते.

त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तो परवा फुटला, यंत्राला बांधलेले असताना, त्या मुलीपुढे. मी पडद्याआड होते (लक्ष ठेवायला, दुसरं काही नाही). ते म्हणाले, "समुद्राचं पाणी खारं राहते न बाई. पोराले तिथं गोडं पाणी कोण देईन?"

असो. तेव्हा माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. डॉक्टर वेदिकेचा हेतू अजून सिद्ध झालेला नाही, अभ्यासाचा निष्कर्ष ठरलेला नाही, आणि तुमच्या छातीवर यंत्र फिरवून त्यात काय दिसेल याचा भरवसा नाही. फोन आला तर नाही म्हणा. सरिताला माझ्या नावानं गुडघ्याला तेल चोळायला सांगा.

तुमची वहिनी,
जया

ता. क. माझं न ऐकण्याचा तुमचा लौकिक आहे, म्हणून लिहून ठेवते: मंगळवार, गुरुवार आणि शनिवार-रविवार यांना डायलिसिस नसतं. खालच्या खोलीत कूलर आहे. खजूर आणू नका, दादांना चालत नाही. संत्रीही नकोत.

आणखी एक. हे पत्र रविवारी टाकायचं राहिलं, आज सोमवार. आज नत्थूजींनी नेहमीप्रमाणे खोली विचारली आणि पुढे म्हणाले, "हा तुमचा भाऊ हाये तरी का गा? का तोही बुडबुडाच?" वॉर्ड हसला. तुमचे दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. परत येताना रिक्षात मला म्हणाले, बुधवारी पाहू जायचं का ते. नत्थूजींना उत्तर मी देऊ शकले असते. कोणालाही देऊ शकते. पण या प्रश्नाचं उत्तर दोन पायांवर चालत यावं लागतं.

आणखी एक. त्या मुलीला आज जाब विचारला की माझ्या दिराला का त्रास देते. ती गोंधळली. म्हणाली, काकू, आमचे पाणबुडे केव्हाच पुरे झाले, नवीन घेता येत नाहीत. काकांना नंबर द्यायचा होता म्हणून मी घेतला. म्हणजे तुम्हाला कोणाचाही फोन येणार नाही. वरचं सगळं पत्र रद्द समजा. परत लिहायला मला वेळ नाही. दादांना मी हे सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. आलात तर अभ्यासासाठी आलो म्हणा. ती मुलगी तुमच्याही छातीवर एकदा यंत्र फिरवेल, ते मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. (पोरगी चांगली आहे. तरीही लक्ष ठेवून आहे.)

शेवटचं. नंबर दिल्यापासून तुमचे दादा स्वतःच्या मोजलेल्या पाण्यातून एक पेला काढून ताटलीनं झाकून दाराजवळच्या फळीवर ठेवतात. मला वाटलं, चोरून प्यायची नवीन युक्ती. पेल्याला बाहेरून कुंकवाची रेघ ओढून पाहिली. पाणी रेघेखाली गेलं नाही. काल विचारलं तेव्हा म्हणाले, तो उन्हातून येईन. रोज संध्याकाळी मी ते मोगऱ्याला घालते. मोगरा तीन दिवसांतच माजायला लागला आहे, भाऊजी. तुमचं तुम्ही येऊन प्या.